मतदार यादीत नाव नसलेले विद्यार्थी

२४ सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेसाठी नोंदणीकृत पदवीधरांनी मतदान केलं. ही निवडणूक आधीच बराच काळ रखडली होती. मतदान तोंडावर आलं असताना ती पुन्हा स्थगित झाली आणि उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावरच पार पडली. जागा होत्या दहा. त्यांतल्या पाच खुल्या; उरलेल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी एकेक. दहाच्या दहा जागा युवा सेनेने जिंकल्या आणि पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत त्याचीच चर्चा होती.

पदवीधरांना विद्यापीठाच्या कारभारात आवाज असावा ही तरतूद चांगलीच आहे. पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या मतासाठी कोर्टकचेऱ्या होतात. आणि आज वर्गात बसणाऱ्या, आज फी भरणाऱ्या, वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं का हे बघायला आज नोटीस बोर्डासमोर गर्दी करणाऱ्या मुलामुलींना मतच नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विद्यापीठांतल्या महाविद्यालयांमध्ये १९९४ पासून विद्यार्थ्यांची खुली निवडणूक झालेली नाही. त्या वर्षी अठरा वर्षांची असलेली मुलगी आता पन्नाशीला आली. तिची लेकरं कॉलेजात जातात आणि त्यांनीही मतपत्रिका पाहिलेली नाही.

कायदा नाही म्हणून असं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. कायदा आहे, आणि तो बऱ्यापैकी विचार करून लिहिलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ९९ व्या कलमात विद्यार्थी परिषदेची रचना दिली आहे. प्रत्येक महाविद्यालयात अध्यक्ष आणि सचिव ही दोन पदं. पूर्णवेळ शिकणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट मत देऊन ती भरायची. त्याच मतदानात एक महिला प्रतिनिधी निवडायची आणि मागास प्रवर्गांतून एक प्रतिनिधी निवडायचा. प्रत्येक वर्गाचा एक वर्गप्रतिनिधी, तोही वर्गानेच निवडलेला. क्रीडा, सांस्कृतिक, एनएसएस, एनसीसी यांतल्या मुलांना नामनिर्देशनाने जागा. मग महाविद्यालयांच्या या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांमधून विद्यापीठ पातळीवरचा विद्यार्थी संघ उभा राहतो आणि त्याच्या पदाधिकाऱ्यांना अधिसभेत बसता येतं, म्हणजे जिथे अर्थसंकल्प मांडला जातो, परीक्षांच्या गोंधळावर कुलगुरूंना जाब विचारला जातो, तिथे.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. महिला प्रतिनिधीला फक्त मुलींनी मत द्यायचं नाही, सगळ्यांनी द्यायचं. मागास प्रवर्गाच्या प्रतिनिधीचंही तसंच. ज्या मुलीला सगळ्या कॉलेजची मतं मागायची आहेत, तिला मुलांच्या वर्गात जाऊन बोलावं लागेल आणि मुलांना ते ऐकावं लागेल. तिला ‘लेडीज रूमचे प्रश्न’ एवढ्यात कोंडता येणार नाही.

जुन्या पिढीला ‘जीएस’ (सरचिटणीस), ‘यूआर’, ‘सीआर’ (वर्गप्रतिनिधी), ‘एलआर’ (विद्यार्थिनी प्रतिनिधी) हे शब्द अजून आठवतात. वर्गाने सीआर निवडायचा. सगळ्या सीआरनी मिळून जीएस आणि यूआर, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, ठरवायचा. आणि सगळ्या कॉलेजांच्या यूआरनी विद्यापीठाच्या मंडळाची निवडणूक लढवायची. वरवर पाहता ही शिडी नीट होती, पण तिच्या प्रत्येक पायरीवर मतदारांची संख्या घटत जायची. तीस-चाळीस सीआर जिथे निकाल ठरवणार, तिथे तीस-चाळीस जणांना गाठलं की काम झालं. म्हणून सीआर ‘पळवायची’ पद्धत पडली. मतदानाच्या आधी त्यांना गाडीत घालून कुठेतरी न्यायचं, खाऊपिऊ घालायचं आणि थेट मतदानालाच आणून सोडायचं. राजी नसेल त्याला धाक. ऐंशीच्या दशकात मुंबईत हे प्रकार हाणामारीपर्यंत गेले आणि १९८९ साली निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. निवडणुका बंद करा, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने ती मान्य केली. वर्गात आदल्या वर्षी गुणवत्तेत आलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी वर्गप्रतिनिधी म्हणून नेमायचं. दोन विद्यार्थिनीही प्राचार्यांनीच नेमायच्या. या नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. हिंसा थांबली, हे कबूल केलंच पाहिजे. पण इलाज चुकीच्या जागी केला गेला. दोष होता मतदारांचा गट लहान असण्यात. कायद्याने तो गट मोठा करण्याऐवजी मतदारच काढून टाकला.

नेमणुकीची पद्धत जवळून पाहिलेल्यांना तिचं रूप ठाऊक आहे. ऑगस्टच्या सुमारास नोटीस बोर्डावर प्राचार्यांच्या सहीची यादी लागायची. आपण वर्गप्रतिनिधी झालो, हे त्या मुलीला मैत्रिणीकडून कळायचं. मग एखादी सभा, चहा-बिस्किटं, स्नेहसंमेलनाची तारीख आणि खर्चाच्या कागदावर सही. तिने वर्गाला काही वचन दिलेलं नसायचं, म्हणून वर्गही तिला काही विचारायचा नाही. ती हुशार असायची, मनाने चांगली असायची. पण समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला महाडीबीटीवर शिष्यवृत्ती अडकल्यावर काय सोसावं लागतं, शेवटची एसटी साडेपाचला सुटते म्हणून प्रॅक्टिकल अर्धं टाकून कोण धावतं, हे सांगायला तिच्याकडे कोणी येत नव्हतं. आणि पहिला नंबर नेहमी कुणाचा येतो, याचंही एक समाजशास्त्र आहे. घरात पुस्तकं असलेल्यांचा, क्लास लावता येणाऱ्यांचा, दुपारी शेतात किंवा दुकानात जावं न लागणाऱ्यांचा तो जास्त वेळा येतो. संख्येच्या बळावर निवडून येऊ शकणारा वसतिगृहातला पोरगा गुणपत्रिकेच्या चाळणीतून खाली पडतो.

याच १९९४ च्या १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. त्यासाठी विद्यार्थ्यांनी सोळा वर्षं झुंज दिली होती. ज्यांनी प्राण गमावले, ज्यांची घरं जळली, त्यांचं मोल त्या नावात आहे. ज्या वर्षी एका विद्यापीठाच्या दारावर ते नाव लागलं, त्याच वर्षी राज्यातल्या सगळ्या विद्यार्थ्यांचं मत गेलं. या दोन गोष्टी मला कधीच वेगवेगळ्या वाचता येत नाहीत.

विद्यार्थ्यांनी स्वतःच आपलं सरकार उभारलं तर ते कसं चालतं, हे पाहायचं तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडे पाहावं लागतं. तिथल्या राजकारणाविषयी वाचकांची मतं टोकाची असतील. ती क्षणभर बाजूला ठेवून केवळ यंत्रणा पाहावी. विद्यार्थी संघाची घटना विद्यार्थ्यांनीच सत्तरच्या दशकात तयार केली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहसचिव ही चार पदं सगळ्या विद्यापीठाच्या थेट मतदानाने भरतात आणि प्रत्येक स्कूल आपापले कौन्सिलर निवडतं. आणीबाणीच्या काळात या संघाचे अध्यक्ष असलेले आणि तुरुंगात गेलेले देवीप्रसाद त्रिपाठी पुढे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले.

या यंत्रणेचा कणा म्हणजे निवडणूक समिती. तीही विद्यार्थ्यांचीच. जो समितीत बसतो त्याला निवडणूक लढवता येत नाही. उमेदवारी अर्जांची छाननी, मतपत्रिकांची छपाई, मतपेट्यांची राखण, मतमोजणी, सगळं समिती करते. मतदान कागदावर, दोन पाळ्यांत. मोजणी रात्रंदिवस चालते. फेरीफेरीचे आकडे बाहेर जाहीर होतात आणि बाहेर बसलेली मुलं डफलीच्या तालावर ते ऐकत रात्र काढतात. ‘नोटा’लाही मत देता येतं आणि तेही मोजलं जातं.

प्रचार वसतिगृहांच्या मेसमध्ये होतो. रात्रीच्या जेवणाची वेळ. टेबलावर स्टीलची ताटं, डाळीचं पातेलं आणि त्यांच्या मध्ये ‘पर्चा’, म्हणजे एका कागदावर दाटीवाटीने छापलेली भूमिका. मुलं घास घेता घेता तो वाचतात. तेवढ्यात उमेदवार येतो आणि भांड्यांच्या आवाजावर मात करत बोलू लागतो. फी, ग्रंथालयाचे तास, संशोधनाच्या जागा, युद्ध, शेतकरी, काहीही. मग प्रश्न. उत्तर देता आलं नाही तर मेसमधल्या सगळ्यांना ते दिसतं. मतदानाच्या दोन दिवस आधी रात्री झेलम वसतिगृहाजवळच्या मोकळ्या जागेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा भरते. आधी प्रत्येकाचं भाषण, मग उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात, मग श्रोते. हजारो विद्यार्थी मध्यरात्र उलटली तरी हलत नाहीत. हे सगळं करायला पैसे लागत नाहीत. लागते ती तयारी, बोलण्याची धिटाई आणि पर्चा वाटायला चार मित्र. गयेकडच्या एका दलित कुटुंबातला धनंजय मार्च २०२४ मध्ये अध्यक्ष झाला, तो अशाच निवडणुकीतून. १९९६ च्या बत्तीलाल बैरवांनंतर सुमारे तीन दशकांनी त्या पदावर दलित विद्यार्थी बसला. त्या निवडणुकीत ७३ टक्के मतदान झालं होतं. सुचेता डे, गीता कुमारी, आयशी घोष या मुली २०१२, २०१७ आणि २०१९ मध्ये अध्यक्ष झाल्या. त्यांच्यासाठी ते पद राखीव नव्हतं.

बत्तीलालनंतर इतका काळ लागला, याचा अर्थ तिथेही सगळं आलबेल नाही. पण तिथल्या मतदारांत विविधता होती याचं कारण प्रवेशपद्धतीत आहे. मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना आणि मुलींना प्रवेश परीक्षेत वाढीव गुण देण्याची पद्धत या विद्यापीठात अनेक वर्षं होती. विद्यार्थी संघ सर्वसमावेशक व्हायचा तर आधी वर्ग सर्वसमावेशक व्हावा लागतो, हे त्यातून कळतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी १९९९ मध्ये तिथे ‘जीएसकॅश’ नावाची समिती झाली आणि तिच्यावर विद्यार्थी प्रतिनिधी निवडून जात. प्रशासनाने ती २०१७ मध्ये बरखास्त केली. २०१९ नंतर साडेचार वर्षं विद्यार्थी संघाची निवडणूकही झाली नाही. ५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तोंडं झाकलेला जमाव वसतिगृहांत घुसला तेव्हा अध्यक्ष आयशी घोष यांचं डोकं फुटलं. निवडणुका आल्या की हिंसा येते, असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की ती हिंसा निवडणुकीच्या मांडवात झाली नव्हती.

त्याच शहरात दिल्ली विद्यापीठ आहे आणि तिथलं चित्र उलटं आहे. तिथल्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत गाड्यांचे ताफे, छापील फलक, बाहेरून येणारा पैसा यांची रेलचेल असते. २०२४ मध्ये भिंती, फलक इतके विद्रूप झाले की उच्च न्यायालयाने सफाई होईपर्यंत मतमोजणी रोखली. २७ सप्टेंबरला झालेल्या मतदानाचा निकाल २५ नोव्हेंबरला लागला. मतदान जेमतेम ३५ टक्के. २००८ नंतर २०२५ पर्यंत तिथे एकही मुलगी अध्यक्ष झाली नाही. खर्चिक निवडणूक ही मुलींना, गरिबांना, खेड्यातून आलेल्यांना बाहेर ठेवण्याची सर्वांत सोपी युक्ती आहे. आरक्षित जागा ठेवली तरी त्या जागेवर कुणाचा माणूस उभा राहील, हे मग पैसेवालाच ठरवतो.

हे आवरण्यासाठीच माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये शिफारशी केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या देशभर लागू केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत, छापील पोस्टर बंद, फक्त हाताने काढलेली; सगळी प्रक्रिया दहा दिवसांत आटोपायची, आणि सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यायची. वयाची आणि ७५ टक्के हजेरीचीही अट आहे. खर्चाची मर्यादा गरीब विद्यार्थ्याच्या बाजूची आहे. वयाच्या आणि हजेरीच्या अटींबद्दल मात्र मला शंका आहे. बारावीनंतर चार वर्षं उसाच्या फडावर किंवा कारखान्यात काढून जो पुन्हा कॉलेजात येतो, जी लग्नानंतर शिकायला लागते, नेमक्या त्याच विद्यार्थ्यांना या अटी उमेदवारीबाहेर ठेवतात. याच मुद्द्यावर जेएनयूच्या विद्यार्थ्यांनी या शिफारशींना विरोध केला. २००८ मध्ये तिथली निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने थांबवली आणि काही अटी सैल झाल्यावर ती मार्च २०१२ मध्ये पुन्हा झाली.

निवडून आल्यावर काय बदलतं, याची उदाहरणं आहेत. अलाहाबाद विद्यापीठात २०१५ मध्ये ऋचा सिंह या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात २०१८ मध्ये कनुप्रिया ही मुलगी पहिल्यांदा अध्यक्ष झाली. त्याच वर्षी मुलींच्या वसतिगृहांचं दार चोवीस तास उघडं राहावं म्हणून मुलींनी दीर्घ धरणं धरलं आणि ते मिळवलं. हा प्रश्न तिथे त्याआधीही होताच. तो अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला मुलगी तिथे बसावी लागली.

आपल्या राज्यातही अशी बेटं आहेत. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत विद्यार्थी संघ निवडून येत असे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची फी-सवलत काढल्याविरुद्ध २०१८ मध्ये झालेल्या संपाचं नेतृत्व त्याच संघाने केलं. तुळजापूरच्या आवारातली मुलंही त्यात उतरली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थी संघटनेने २०१५ मध्ये १३९ दिवसांचा संप केला. संप बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण देशभरातून निवडक विद्यार्थी जिथे येतात, तिथे मत आहे, संघ आहे. आणि जालना, गडचिरोली, नंदुरबारच्या अनुदानित कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला ते नाही, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. ज्याच्याकडे ओळखी आहेत त्याचं काम मताशिवायही होतं. मताची खरी गरज दुसऱ्याला आहे.

मग २०१६ च्या कायद्याचं काय झालं? नियम करायला वेळ गेला. २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुकांचा कार्यक्रम जाहीर झाला; कॉलेजांत हालचाल सुरू झाली, विद्यार्थी संघटनांनी फलक लावले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, म्हणून तो पुढे ढकलला. पुढे कोविड आला. कोविड गेला, कॉलेजं भरली, विधानसभेच्या, लोकसभेच्या, अधिसभेच्या निवडणुका झाल्या. विद्यार्थी परिषदांच्या राज्यभर निवडणुका झालेल्या नाहीत.

प्राचार्यांशी हा विषय काढला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: राजकीय पक्ष शिरतील आणि शिकवण्याचे दिवस जातील. पक्ष आजही आवारात आहेत. संस्थाचालकांच्या रूपाने आहेत, अधिसभेत आहेत, गणेशोत्सवाच्या वर्गणीत आहेत. विद्यार्थ्यालाच तेवढं त्यांच्यापासून सोवळं ठेवून काय साधलं? दिवसांचं म्हणाल तर प्रक्रिया दहा दिवसांची आणि मतदानाचा दिवस एक. प्राध्यापकांवर कामाचा बोजा पडतो, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर विद्यार्थ्यांचीच निवडणूक समिती हे उत्तर असू शकतं. शिक्षकाने देखरेख करावी, यंत्रणा मुलांनी चालवावी.

कायद्यातही सुधारायला जागा आहे. मागास प्रवर्गांसाठीची एकच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके आणि इतर मागासवर्ग यांच्यात आळीपाळीने फिरणार. प्रवर्ग चार, पदवीची वर्षं तीन. धडगावहून आलेली भिल्ल मुलगी तीन वर्षं शिकून निघून जाईल आणि तिच्या प्रवर्गाची पाळी येणारही नाही. निदान मोठ्या महाविद्यालयांत या जागा वाढवायला हव्यात. विद्यापीठ पातळीची निवड अजून अप्रत्यक्षच आहे, म्हणजे सीआर पळवण्याचा जुना रोग तिथे पुन्हा उद्भवू शकतो. त्यावर मतदानाआधी उमेदवारांची जाहीर वादसभा सक्तीची करणं हा साधा उपाय आहे. मतदान केंद्र तळमजल्यावर हवं, अंध विद्यार्थ्याला ब्रेल मतपत्रिका हवी, मतदानाची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळायला हवी. आणि परिषदेला विद्यार्थ्यांच्या फीमधून जमणाऱ्या निधीचा हिशेब मागण्याचा हक्क हवा. हिशेब मागता येत नसेल तर परिषदेला स्नेहसंमेलनाच्या मांडवापलीकडे काम उरत नाही.

ही सगळी दुरुस्ती नंतरही करता येईल. पहिली निवडणूक झाल्याशिवाय कोणती तरतूद चालते आणि कोणती नाही हे कळणारच नाही. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होतं आणि डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. आपल्या घरातलं कुणी कॉलेजात शिकत असेल तर त्याला विचारा, तुझ्या कॉलेजची विद्यार्थी परिषद कोण आहे आणि तिला कुणी निवडलं. उत्तर आलं नाही, तर आपल्या आमदाराला एक पोस्टकार्ड टाका. मजकूर एका ओळीचा पुरे: कलम ९९ प्रमाणे निवडणूक कधी घेणार, तारीख सांगा.